ओवीचे संकलन आणि लोकसंगीताचे पुनरुज्जीवन : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. कामाला हात घातला की मार्ग सापडतो, या लाक्षणिक अर्थाने ती वापरली जाते. लोकगीतांच्या अभ्यासकाने मात्र ती एकदा शब्दशः घ्यावी. ओवी आधी तयार असते व ती मग जात्यावर म्हटली जाते, असे ही म्हण सांगत नाही. जात्यावर बसणे ही ओवी सुचण्याची अटच आहे, असे ती सांगते. गीत आणि श्रम यांच्या नात्याविषयीचा एक सिद्धांतच लोकमानसाने या चार-पाच शब्दांत मांडून ठेवला आहे.

हा सिद्धांत मान्य केला, तर लोकगीतांच्या संकलनापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. जाते बाजूला ठेवून ओवी तेवढी उचलता येते काय? आणि अशी उचललेली ओवी वहीत, ध्वनिफितीत किंवा रंगमंचावर नेल्यानंतर तिच्यातील काय उरते व काय गळते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. लोकगीतांचे संकलन आणि लोकसंगीताचे पुनरुज्जीवन या दोन क्रिया एकच आहेत, असा समज बराच रूढ आहे. त्या परस्परपूरक असल्या तरी भिन्न आहेत आणि त्यांपैकी पहिलीसाठी आता फार थोडा अवधी शिल्लक आहे, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश होय.

सातारा व सांगली हे जिल्हे प्रशासकीय दृष्ट्या आज स्वतंत्र असले तरी त्यांचा सांस्कृतिक इतिहास एकत्र वाचावा लागतो. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेकडील सह्याद्रीचा पावसाळी पट्टा, मधले कृष्णा, कोयना व वारणा यांचे सुपीक खोरे आणि पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणप्रवण भाग असे या प्रदेशाचे तीन भाग पडतात. खोऱ्यातील घराघरांत जात्यावरची ओवी आणि पूर्वेकडील माळरानावर धनगरी ओवी, असे ओवीचे दोन स्वतंत्र प्रवाह या परिसरात वाढले.

ओवी : श्रम, श्वास आणि शब्द

ओवीचा उल्लेख फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या इ. स. ११२९ मधील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आढळते. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओवीला ग्रंथरचनेचे माध्यम बनविण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ती उखळाजवळ गायिली जात होती. या पहिल्या नोंदीतच गीताचे नाव, गाणारी स्त्री आणि तिचे काम या तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या आहेत, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

जात्याची रचना पाहिली म्हणजे ओवीची रचना समजण्यास मदत होते. खालची तळी स्थिर, वरची पाळ फिरती, मध्ये खीळ आणि कडेला लाकडी खुंटा. दळणारी स्त्री एका हाताने खुंटा फिरविते व दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात धान्याचे घास टाकते. दळण जड असेल तर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. पाळ ओढताना लागणारा जोर आणि तो सैल सोडताना मिळणारा विसावा यांच्या आवर्तनावर गायिकेचा श्वास बेतलेला असतो व त्या श्वासावर ओवीची ओळ. म्हणूनच गाताना ओळीतील काही शब्द पुन्हा घोळले जातात, मध्येच 'गं', 'बाई', 'बया' अशी संबोधने भरली जातात आणि एक ओळ दोघींत वाटून घेतली जाते. एकीने ओळ उचलावी आणि दुसरीने ती पुरी करावी, हा जणू खुंट्यावरील दोन हातांचाच प्रकार असतो.

ओवीचा आशयही प्रसंगाशी असाच बांधलेला असतो. दळणाच्या आरंभी देवाचे नाव येते, पुढे आईबाप, भाऊ, लेकरे, माहेरची वाट, पंढरीची वारी असे विषय एकातून एक निघत जातात. एका ओवीतील शब्द पुढच्या ओवीला बोलावून आणतो. गायिका परंपरेने आलेली ओळ घेते आणि तिच्यात आपल्या भावाचे, आपल्या लेकाचे, आपल्या गावचे नाव गुंफते. त्यामुळे ओवी सर्वांची असूनही त्या पहाटेपुरती ती एकीचीच होते. सासरच्या जाचाची तक्रारही याच गाण्यात येते. घर झोपेत असताना, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने, दिवसा उच्चारता न येणारे शब्द तेथे उच्चारता येत असत.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्यावर पहाटेचे दळण संपले. स्त्रियांच्या दृष्टीने ही मोठीच सुटका होती. जात्याविषयीच्या हळहळीत ते कष्ट विसरले जाऊ नयेत. मात्र त्या कष्टांबरोबर ओवी सुचण्याची रोजची जागाही गेली. आज लग्नघरात सुवासिनी जात्याची पूजा करतात, हळद दळतात व त्या वेळी गाणी म्हणतात, एवढ्याच स्वरूपात ती जागा अनेक ठिकाणी टिकून आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच परिसरातील लग्नघरांत हळदीच्या दळणावर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांची गावनिहाय, गायिकानिहाय नोंद करण्याचे काम मात्र अजून व्हावयाचे आहे.

संकलनाची वाटचाल

मराठी लोकगीतांच्या संकलनाचा आरंभ घरातील गीतांपासून झाला नाही. हॅरी ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पोवाडा हा लढायांशी व पुरुषांच्या पराक्रमाशी निगडित, शाहिराच्या नावाने ओळखला जाणारा आणि इतिहासाचे साधन म्हणून उपयोगी पडणारा प्रकार असल्याने त्याच्याकडे विद्वानांचे लक्ष आधी जाणे स्वाभाविक होते. स्त्रियांच्या ओव्यांना ग्रंथरूप मिळण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले. साने गुरुजींनी १९४०च्या सुमारास 'स्त्रीजीवन' या ग्रंथात ओव्यांचा मोठा संग्रह विवेचनासह सादर केला. कमलाबाई देशपांडे यांचा 'अपौरुषेय वाङ्मय' हा स्त्रीगीतांवरील ग्रंथ १९४८ मध्ये आला. दुर्गा भागवत यांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) या ग्रंथाने या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली.

या वाटचालीत सांगली जिल्ह्याचे योगदान डॉ. सरोजिनी बाबर यांच्या रूपाने मिळाले. त्यांचा जन्म १९२० मध्ये वाळवा तालुक्यातील बागणी या गावी झाला. वडील कृष्णराव बाबर यांनी १९५० मध्ये समाजशिक्षण माला सुरू केली होती. नवसाक्षरांसाठी सोप्या भाषेत शेकडो पुस्तिका देणाऱ्या या मालेच्या संपादनात सरोजिनीबाईंचा मोठा वाटा होता. त्या विधानसभेच्या व विधानपरिषदेच्या सदस्या होत्या, तसेच १९६८ ते १९७४ या काळात राज्यसभेवर होत्या. तथापि त्यांचे नाव टिकले ते महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्षा म्हणून. १९६१ पासून दीर्घकाळ त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. 'एक होता राजा', 'जाई मोगरा', 'तीर्थाचे सागर', 'राजविलासी केवडा', 'कुलदैवत' यांसारखे त्यांनी संपादिलेले ग्रंथ आजही लोकसाहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या पिढीच्या कार्याचे मोल दुहेरी आहे. एक तर हजारो गीते पूर्ण लोपण्यापूर्वी कागदावर उतरली. दुसरे असे की, निरक्षर मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या रचनेला साहित्य ही संज्ञा मिळाली व ती विद्यापीठांच्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचली. डॉ. बाबर यांच्यासारख्या संपादिकेला ही गीते बाहेरून गोळा करावी लागली नाहीत. ज्या बोलीत ती गायिली जात, त्या बोलीतच त्या वाढल्या होत्या. ग्रामीण स्त्रीचे शब्दभांडार, दागिने, सण, देवदेवता, नातीगोती यांचे जे तपशील त्यांच्या संपादनात दिसतात, ते या जवळिकीतून आलेले आहेत.

छापील संग्रहाला काही मर्यादा मात्र अंगभूतच असतात. संग्रहाची मांडणी बहुधा विषयवार असते : माहेर, सासर, भाऊ, लेक, विठ्ठल. वाचकाला ती सोयीची असते. परंतु दळताना एका ओवीतून दुसरी कशी निघाली, तो क्रम तिच्यात मोडतो. जाते नसताना केवळ सांगितलेली ओवी आखूड होते. घोळलेले शब्द व संबोधने गळतात. लिहून घेणाऱ्याचा शिक्षित हात नकळत 'व्हतं'चे 'होते' आणि 'न्हाई'चे 'नाही' करून टाकतो, व त्याबरोबर ओळीचे वजनही बदलते. चाल कागदावर येत नाही. आणि गीत 'अपौरुषेय' म्हणजे कोणा एकाचे नव्हे, असे मानले गेल्यामुळे ते कोणी सांगितले, हा तपशील वाचकाच्या हाती क्वचितच लागतो. हे दोषारोप नव्हेत. ध्वनिमुद्रणाची साधने दुर्मीळ असताना काळाशी स्पर्धा करीत झालेल्या कामाची ही मर्यादा होती. परंतु साधने हाताशी आल्यानंतरही तीच पद्धत चालू ठेवणे समर्थनीय ठरणार नाही.

गायिकेचे नाव : जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प

या पद्धतीत महत्त्वाचा बदल घडविला तो गी प्वातवँ (१९३४–२००४) व हेमा राईरकर या अभ्यासकांनी. मूळचे फ्रान्सचे असलेले प्वातवँ १९७२ पासून पुण्यात स्थायिक झाले व पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. मुळशीच्या डोंगरी भागातील गरीब कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम करीत असताना तेथील स्त्रियांच्या ओव्यांकडे या दोघांचे लक्ष वेधले गेले. पुढे महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून सुमारे १ लाख १० हजार ओव्यांचा संग्रह तयार झाला. १९९०च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणाचेही काम झाले. प्वातवँ यांचे २००४ मध्ये व राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाल्यानंतर हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारतविषयक ऑनलाइन संग्रहाकडे आला आणि २०१७ पासून तेथे ओव्या ध्वनी, शब्द व भाषांतरासह क्रमाक्रमाने प्रकाशित होऊ लागल्या.

या प्रकल्पाचा आकार मोठा आहे. परंतु पद्धतीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, ओवीबरोबर गायिकेचे नाव व गाव यांची नोंद ठेवली गेली. दुसरी, संकलनाच्या कामात खेड्यातील कार्यकर्त्या स्त्रियाच सहभागी झाल्या. ज्यांच्या आया-सासवा जात्यावर गात आल्या त्यांनीच प्रश्न विचारले. तिसरी, परंपरा म्हणजे केवळ जुने असे न मानता जे गायिले जात होते ते घेतले गेले. याचे ठळक उदाहरण बीड जिल्ह्यातील माजलगावचे आहे. तेथील भीमनगर वस्तीतील दलित स्त्रियांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, बुद्ध यांचे स्मरण आहे. परंपरेने आलेल्या घाटातच नवा आशय घातला गेला होता. 'शुद्ध' व 'जुनी' ओवी शोधत जाणाऱ्या संकलकाने ही गीते बहुधा नोंदवलीच नसती, आणि जी परंपरा त्याला जतन करावयाची होती तिच्या जिवंतपणाचा सर्वांत मोठा पुरावाच त्याच्या हातून निसटला असता.

माळरानावरील ओवी

धनगरी ओवीचे स्वरूप यापेक्षा वेगळे आहे. ती पुरुषांनी समूहाने, ढोलाच्या साथीने गायिलेली, दीर्घ कथानकाची रचना असते. गायन व निवेदन यांची त्यात आलटूनपालटून गुंफण होते. बिरोबा, धुळोबा, म्हस्कोबा या देवांच्या कथांतून मेंढरांची वाटचाल, चराईच्या जागा, पाणवठे, शेतकऱ्यांशी होणारे व्यवहार यांचा विस्तृत पट उलगडतो. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडी येथील बिरोबाचे स्थान व फलटण परिसरातील धुळोबाचे स्थान ही या परंपरेची महत्त्वाची केंद्रे होत.

या परंपरेचे मर्म ओळखून तिचे सातत्याने ध्वनिमुद्रण करणारे अभ्यासक म्हणजे हायडेलबर्ग विद्यापीठातील गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२). बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये व १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांच्या निधनानंतर २०१४ मध्ये ॲन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्याने बिरोबा व धुळोबा यांच्या दोन मौखिक कथा ग्रंथरूपाने प्रकाशित केल्या. मूळ ध्वनिमुद्रण नीट राखले गेले, म्हणूनच मुद्रण करणाऱ्या अभ्यासकाच्या निधनानंतर दोन दशकांनीही त्यावर नवे काम उभे राहू शकले. पूर्ण व अखंड ध्वनिमुद्रणाचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

पुनरुज्जीवन आणि त्यातील निवड

संकलनाच्या बरोबरीने लोकसंगीताला नव्या श्रोत्यांपुढे आणण्याची चळवळही महाराष्ट्रात वाढली व तिलाही या परिसराने मोठी माणसे दिली. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, तमाशाच्या फडावर गाजलेले कवलापूरचे काळू-बाळू ही नावे सांगली जिल्ह्यातील आहेत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारून लोककलेच्या घाटात राजकीय आशय आणला. सातारा जिल्ह्यातील पसरणी गावचे शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमातून गोंधळ, भारूड, वाघ्या-मुरळी, कोळीगीते अशा अनेक प्रकारांना एका रंगमंचावर आणले. शहरी प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांना लोककलांची पहिली ओळख या कार्यक्रमाने करून दिली. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी स्थापन होऊन या कलांना औपचारिक शिक्षणात स्थान मिळाले. महाविद्यालयांच्या पातळीवर युवा महोत्सवातील लोकनृत्य व लोकवाद्यवृंद या स्पर्धांनी, तसेच २००३ पासून होणाऱ्या 'इंद्रधनुष्य' या आंतरविद्यापीठीय महोत्सवाने हेच कार्य पुढे नेले. ग्रामीण विद्यार्थ्याला आपल्या घरातील कलेचा संकोच वाटण्याऐवजी अभिमान वाटू लागला, हे या महोत्सवांचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु रंगमंच निवड करतो. त्याला ठरावीक मिनिटांची मर्यादा असते, समोरचा प्रेक्षक जागा ठेवावा लागतो, दूरवरून दिसेल अशी हालचाल लागते व टाळ्या मिळतील असा शेवट लागतो. गोंधळ, गजीनृत्य, लेझीम, पोवाडा या प्रकारांना हे मानवते; कारण ते मुळातच समूहापुढे सादर होणारे आहेत. तरीही रात्रभर चालणाऱ्या धनगरी ओवीतील कथा स्पर्धेच्या वेळेत मावत नाही. ढोल व नृत्य तेवढे मावते. जात्यावरच्या ओवीची अडचण तर अधिक खोल आहे. ती कोणासमोर सादर करण्यासाठी नसतेच. ती संथ आहे, तिला ठेका देणारे वाद्य म्हणजे दगडाची घरघर आणि तिचा श्रोता म्हणजे समोर बसलेली जाऊ किंवा मांडीवर डोके ठेवून झोपलेले मूल. रंगमंचावर कागदाचे जाते ठेवून नऊवारीतील मुलींनी ढोलकीच्या साथीने म्हटलेली ओवी ही एक नवी कलाकृती असते. तिला नवी कलाकृती म्हणून दाद द्यावी. जतन म्हणून तिची नोंद करू नये.

पुनरुज्जीवनामुळे परंपरा टिकली असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात परंपरेचा रंगमंचाला मानवणारा भाग टिकलेला असतो. ज्या प्रकारांना फड, शाहीर, बिदागी आणि प्रेक्षक होते त्यांना पुनरुज्जीवनातही स्थान मिळते. ज्या प्रकाराला यांपैकी काहीच नव्हते, तो स्त्रियांचा घरगुती प्रकार पुन्हा एकदा मागे राहतो. १८९१ मध्ये पोवाडा आधी व ओवी अर्ध्या शतकाने नंतर ग्रंथरूप झाली, त्याच क्रमाची ही पुनरावृत्ती आहे. म्हणून पुनरुज्जीवन होत असले तरी संकलनाची निकड कमी होत नाही. उलट कोणते प्रकार रंगमंचावर येत नाहीत, त्यावरून संकलनाची दिशा ठरविता येते.

महाविद्यालयांपुढील कार्य

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प व भारतीय ज्ञान प्रणाली यांचा समावेश झाल्याने विद्यार्थ्यांना आपल्या परिसरात संकलनासाठी पाठविण्याची मोठी संधी महाविद्यालयांना मिळाली आहे. १९६०च्या दशकात लग्न होऊन सासरी आलेली व रोज दळलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. तिला भेटण्यासाठी विद्यार्थ्याला फार दूर जावे लागत नाही. ती बहुधा त्याची आजी किंवा शेजारीण असते. मात्र तयारीशिवाय पाठविलेला विद्यार्थी मोबाईल समोर धरून 'एखादी ओवी म्हणा' असे सांगतो आणि 'आता काय आठवत न्हाई, बाबा' असे उत्तर घेऊन परततो. या उत्तरातही आरंभी सांगितलेल्या म्हणीचाच प्रत्यय येतो. म्हणून पुढील पथ्ये उपयुक्त ठरतील.

शक्य तेथे घरातील किंवा शेजारचे जाते मांडावे, मूठभर धान्य घ्यावे व दोन वृद्ध स्त्रियांना एकत्र बसवावे. एकीच्या आठवणीने दुसरीची आठवण जागी होते. ध्वनिमुद्रण मध्ये न थांबवता सलग करावे. मधले बोलणे, हसणे, विसरणे, दुरुस्त करणे हाही अभ्यासाचा विषय असतो. शब्दांकन ऐकू आल्याप्रमाणे बोलीत करावे व प्रमाण रूप हवे असल्यास वेगळे द्यावे. ध्वनिसंचिका मूळ, न दाबलेल्या स्वरूपात, शक्यतो ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रतीची ठेवावी आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

नाव व संमती यांचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९९४ मधील दुरुस्तीने सादरकर्त्याचे अधिकार मान्य झाले व २०१२ मधील दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे हा नैतिक अधिकारही मान्य झाला. गीत परंपरागत असले तरी ते गाणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने सादरकर्ती आहे. त्याचबरोबर काही ओव्यांत घरातील माणसांविषयीची तक्रार असते. जी गोष्ट पहाटे एकांतात गायिली गेली ती सुनेसमोर वा गावासमोर ऐकविली जावी, असे गायिकेला वाटेलच असे नाही. नाव द्यावे की झाकावे व कोणती ओवी बाहेर जाऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. पुरुष विद्यार्थ्यापुढे जे गायिले जात नाही ते विद्यार्थिनीपुढे गायिले जाते, हेही गट पाडताना ध्यानात घ्यावे. मुद्रणाची एक प्रत त्या घरी परत द्यावी.

अखेरीस, जे आधीच गोळा झाले आहे त्याचाही शोध घेतला पाहिजे. गेल्या काही दशकांत लोकसाहित्यावर अनेक एम.फिल. व पीएच.डी. प्रबंध झाले व त्यांच्या परिशिष्टांत गावोगावची गीते उतरवून घेतली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद झाली. त्या प्रबंधांकडे आता पदोन्नतीच्या कामासाठीही कोणी वळणार नाही. परंतु त्यांतील परिशिष्टे आणि प्राध्यापकांच्या कपाटांत राहिलेल्या ध्वनिफिती यांत, आज हयात नसलेल्या स्त्रियांचे शब्द व आवाज आहेत. फितीवरील चुंबकीय थर वर्षागणिक खराब होत जातो. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या व आता गुरुग्राम येथे असलेल्या संगीतविषयक अभिलेखागारासारख्या संस्थांची पद्धती समोर ठेवून महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच अशा सामग्रीचा लहान संग्रह सुरू करणे अवघड नाही. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा नीट ठेवलेल्या नोंदवहीची गरज अधिक आहे.

निष्कर्ष

१. जात्यावरची ओवी हे श्रम, श्वास, स्थळ व गायिका यांच्याशी बांधलेले गीत आहे. केवळ शब्दांचे संकलन हे तिचे अपूर्ण संकलन होय.

२. साने गुरुजी, कमलाबाई देशपांडे व डॉ. सरोजिनी बाबर यांच्या पिढीने स्त्रीगीतांना साहित्याची मान्यता मिळवून दिली. पुढील पिढीचे कार्य त्या गीतांना त्यांच्या गायिकेचे नाव व आवाज मिळवून देणे हे आहे.

३. परंपरा सतत नवी होत असते. माजलगावच्या ओव्यांप्रमाणे नव्या आशयाची गीतेही संकलनात समाविष्ट व्हावीत.

४. रंगमंचीय पुनरुज्जीवन स्वागतार्ह आहे. परंतु ते सादरीकरणक्षम प्रकारांनाच उचलते. घरगुती स्त्रीगीतांसाठी ते संकलनाची जागा घेऊ शकत नाही.

५. सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांनी क्षेत्र प्रकल्पांच्या माध्यमातून रोज जाते ओढलेल्या अखेरच्या पिढीपर्यंत येत्या काही वर्षांतच पोहोचणे आवश्यक आहे. त्यानंतर ओव्या पुस्तकांत वाचता येतील. त्या जात्यावर कशा सुचत, हे सांगणारे मात्र कोणी उरणार नाही.